बद्धकोष्ठ, मुलांमधील

बद्धकोष्ठ, मुलांमधील : मल कठीण होणे, तो बाहेर टाकताना वेदना होणे आणि मलोत्सर्गाच्या दोन वेळांमधील अंतर वाढणे या अवस्थेस बद्धकोष्ठ किंवा मलावरोध असे म्हणतात. ही अवस्था एक महिना किंवा त्याहून अधिक काळ टिकल्यास बद्धकोष्ठ चिरकारी झाले असे समजतात. बद्धकोष्ठ हा स्वतंत्र रोग नसून ते एक लक्षण आहे. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून सु. ९·५% मुलांत ते आढळते. यांपैकी ९०% हून अधिक मुलांच्या आतड्यात वा तंत्रिका तंत्रात कोणताही दोष नसतो. अशा बद्धकोष्ठास ‘क्रियात्मक बद्धकोष्ठ’ म्हणतात. ते आहार, सवय आणि वेदनेची भीती या तीन गोष्टींतून उद्‌भवते व टिकून राहते. त्यांपैकी आहार कुटुंबाच्या हाती असल्यामुळे त्याचा विचार येथे विस्ताराने केला आहे. आहारातील उदाहरणे परभणी जिल्ह्यातील गंगाखेड परिसराच्या नेहमीच्या खाण्यातून घेतली आहेत.

मलोत्सर्गाची क्रिया : लहान आतड्यात पचन व शोषण झाल्यावर उरलेला पातळ भाग बृहदांत्रात (मोठ्या आतड्यात) येतो. तेथे त्यातील पाणी शोषले जाऊन मल तयार होतो. बृहदांत्राच्या क्रमसंकोचामुळे (लाटेसारख्या आकुंचनामुळे) मल गुदांत्रात उतरला की, त्याच्या भित्ती ताणल्या जाऊन शौचाची भावना होते. गुदद्वाराभोवती दोन परिसंकोची स्नायू असतात. आतील स्नायू आपोआप शिथिल होतो; बाहेरील स्नायू इच्छेच्या अधीन असतो. मूल हा बाहेरील स्नायू आवळून मल रोखू शकते. रोखलेला मल बृहदांत्रात जितका अधिक काळ राहतो तितके त्यातील पाणी अधिक शोषले जाते व तो अधिक कठीण होतो. जेवणानंतर जठर ताणले गेल्याने बृहदांत्राची हालचाल वाढते. या जठर-बृहदांत्र प्रतिक्षेपी क्रियेमुळे जेवणानंतर शौचाची भावना होणे स्वाभाविक असते.

मलोत्सर्गाची प्राकृत वारंवारता वयाप्रमाणे बदलते. पहिल्या आठवड्यात अर्भकास दिवसाला सु. चार वेळा, एक वर्षाच्या सुमारास दोन वेळा आणि चौथ्या वर्षानंतर बहुधा एक वेळा शौचास होते. तथापि दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंतचे प्रमाण प्राकृत मानतात. केवळ आईच्या दुधावर असलेल्या अर्भकास सहा आठवड्यांच्या वयानंतर कधीकधी सात ते दहा दिवस शौचास होत नाही. मल मऊ असेल, अर्भक नीट पीत असेल आणि वजन वाढत असेल, तर हे बद्धकोष्ठ नव्हे. काही अर्भके शौचापूर्वी सु. दहा मिनिटे कुंथतात व रडतात आणि नंतर मऊ मल टाकतात. पोटाचे स्नायू आणि गुदद्वाराचे स्नायू यांचा मेळ अद्याप बसलेला नसल्यामुळे असे घडते. त्यावर औषधाची गरज नसते. म्हणून वारंवारतेपेक्षा मलाचा कठीणपणा व वेदना यांना निदानात अधिक महत्त्व असते.

दुष्टचक्र : बद्धकोष्ठाची सुरुवात पुष्कळदा क्षुल्लक कारणाने होते. उदा., आईच्या दुधावरून वरच्या अन्नावर येताना, शौचाची शिस्त लावताना, तापातून उठल्यावर किंवा शाळेत जाऊ लागल्यावर एखादे वेळी मल कठीण होतो. तो बाहेर पडताना गुदद्वाराच्या कडेला चीर पडते (गुदविदर), दुखते व कधी रक्ताचा थेंब दिसतो. ही वेदना मूल विसरत नाही. पुढच्या वेळी शौचाची भावना होताच ते पाय एकमेकांवर आवळते, टाचा उचलून ताठ उभे राहते, कोपऱ्यात किंवा दाराआड जाऊन लपते. मूल कुंथत आहे, असा मोठ्यांचा समज होतो. प्रत्यक्षात ते मल रोखून धरीत असते. रोखलेला मल आणखी कठीण व जाड होतो, पुढील शौच अधिक वेदनामय होते आणि रोखण्याची सवय पक्की होते. कालांतराने गुदांत्र ताणले जाऊन रुंदावते. मग थोड्या मलाने शौचाची भावनाच होत नाही.

यापुढील अवस्था विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. गुदांत्रात मलाचा घट्ट गोळा साठल्यावर त्याच्या कडेने वरचा पातळ मल पाझरतो व मुलाच्या नकळत चड्डीला लागतो. याचा दोन प्रकारे चुकीचा अर्थ लावला जातो. मुलास जुलाब होत आहेत, असे समजून त्याला जुलाब थांबविणारी औषधे व केवळ मऊ भात दिला जातो. त्यामुळे बद्धकोष्ठ वाढते. किंवा मूल आळशी व घाणेरडे आहे, असे समजून त्याला रागे भरतात, मारतात, भावंडांसमोर हिणवतात. वस्तुतः हे पाझरणे मुलाच्या इच्छेबाहेरचे असते. भीती व लाज यांमुळे ते मल अधिकच रोखते. चार वर्षांपुढील, शौचाची सवय लागलेल्या मुलाची चड्डी पुनःपुन्हा खराब होऊ लागल्यास प्रथम बद्धकोष्ठाचा विचार करावा.

निदान : २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोम-४ या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार पुढीलपैकी किमान दोन लक्षणे महिनाभर असल्यास क्रियात्मक बद्धकोष्ठाचे निदान करतात : आठवड्यातून दोन किंवा त्याहून कमी वेळा शौचास होणे, मल रोखून धरणे, कठीण वा वेदनायुक्त मल, फार मोठ्या आकारमानाचा मल, गुदांत्रात मलाचा मोठा गोळा असणे आणि शौचाची सवय लागलेल्या मुलात आठवड्यातून किमान एकदा मल पाझरणे. बहुतेक मुलांत इतिहास व साधी शारीरिक तपासणी एवढ्यावर निदान होते. क्ष-किरण चित्राची गरज सहसा पडत नाही.

पुढील लक्षणे आढळल्यास मात्र आहाराचे प्रयोग करीत न बसता वैद्यकीय तपासणी त्वरित करून घ्यावी : जन्मानंतर ४८ तासांत पहिला काळसर मल न पडणे, पहिल्या महिन्यातच बद्धकोष्ठ सुरू होणे, पोट फार फुगणे, हिरवट उलट्या, ताप, वजन व उंची न वाढणे, चीर नसताना मलातून रक्त जाणे, मल फितीसारखा बारीक होणे, पायांत अशक्तपणा किंवा कंबरेखाली मणक्यावर खळगा वा केसांचा पुंजका असणे. यांमागे हिर्शस्प्रुंग रोग, मेरुरज्जूचे दोष, अवटू ग्रंथीची न्यूनता किंवा गव्हातील ग्लुटेन न सोसल्यामुळे होणारा सीलिॲक रोग असू शकतो. हिर्शस्प्रुंग रोगात बृहदांत्राच्या शेवटच्या भागात तंत्रिका कोशिका जन्मतःच नसतात. तो सु. ५,००० जन्मांत एकदा आढळतो व त्यावर शस्त्रक्रिया करावी लागते. डेन्मार्कमधील बालरोगतज्ञ हाराल्ट हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये त्याचे वर्णन केले.

उपचारांचा क्रम : आहारातील बदल केव्हा करावा, हे तो काय करावा याइतकेच महत्त्वाचे आहे. गुदांत्रात मल घट्ट साठलेला असताना केवळ तंतुमय अन्न वाढविल्यास मलाचे आकारमान वाढते, वाट मात्र बंदच असते. त्यामुळे पोट फुगते, दुखते व मूल जेवण नाकारते. आहाराचा उपयोग झाला नाही, असा समज होऊन कुटुंब तो सोडून देते. म्हणून प्रथम साठलेला मल काढून टाकणे, नंतर तो पुन्हा साठू नये म्हणून सारक औषध चालू ठेवणे, त्याच काळात आहार व शौचाची सवय बदलणे आणि शेवटी औषध हळूहळू कमी करणे, असा क्रम पाळतात.

साठलेला मल काढण्यासाठी पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे औषध पाण्यातून तोंडाने देतात. ते आतड्यात जवळजवळ शोषले जात नाही. पाणी धरून ठेवून मल मऊ करते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दर किग्रॅ. वजनास रोज १ ते १·५ ग्रॅ. याप्रमाणे ते तीन ते सहा दिवस देतात. ते उपलब्ध नसल्यास लॅक्ट्युलोज वापरतात. त्यानंतर कमी मात्रेत औषध किमान दोन महिने चालू ठेवावे लागते आणि लक्षणे पूर्णपणे थांबून एक महिना झाल्यावरच ते क्रमाक्रमाने कमी करतात. या औषधांची चटक लागते व आतडे आळशी होते, ही भीती निराधार आहे. औषध मध्येच बंद केल्याने मल पुन्हा कठीण होतो, वेदना परतते व दुष्टचक्र नव्याने सुरू होते. सौम्य व नुकत्याच सुरू झालेल्या बद्धकोष्ठात, मल साठलेला नसल्यास, आहार व सवय यांतील बदल पुष्कळदा पुरेसा ठरतो.

अन्नातील तंतू : वनस्पतिजन्य अन्नातील जो भाग मनुष्याच्या लहान आतड्यात पचत नाही, त्यास ‘आहारतंतू’ म्हणतात. ही संज्ञा १९५३ मध्ये ई. एच. हिप्स्ली यांनी प्रथम वापरली. आफ्रिकेत दीर्घकाळ काम केलेले शल्यचिकित्सक डेनिस बर्किट (१९११–९३) व त्यांचे सहकारी यांनी १९७२ मध्ये असे दाखविले की, कोंड्यासह धान्य खाणाऱ्या ग्रामीण आफ्रिकी लोकांचा मल ब्रिटिश लोकांच्या मलापेक्षा वजनाने अधिक असतो आणि अन्नाचा आतड्यातील प्रवासही लवकर होतो. यामुळे टाकाऊ समजल्या जाणाऱ्या कोंड्याकडे आहारशास्त्राचे लक्ष वेधले गेले.

तंतू दोन प्रकारे काम करतात. धान्याच्या कोंड्यातील व पालेभाज्यांतील न विरघळणारे तंतू मलाचे आकारमान वाढवितात व त्याचा प्रवास जलद करतात. कडधान्ये, फळे, भेंडी व जवस यांतील विरघळणारे तंतू पाणी धरून बुळबुळीत होतात. बृहदांत्रातील सूक्ष्मजंतू त्यांचे किण्वन करतात व स्वतः वाढतात. मलाच्या घन भागाचा मोठा वाटा या सूक्ष्मजंतूंचाच असतो. दोन्ही प्रकारच्या तंतूंना पाण्याची जोड लागते.

मुलास लागणाऱ्या तंतूंचा सोपा हिशोब असा : दोन वर्षांपुढील मुलाच्या वयाच्या वर्षांत ५ मिळविले असता रोज किमान किती ग्रॅ. तंतू हवेत ते समजते. म्हणजे पाच वर्षांच्या मुलास किमान १० ग्रॅ. लागतात, १५ ग्रॅ. पर्यंत ते सहज देता येतात. नेहमीच्या प्रमाणापलीकडे आणखी तंतू किंवा पाणी दिल्याने बद्धकोष्ठ अधिक लवकर बरे होते, असा पुरावा मात्र मिळालेला नाही. ज्याच्या आहारात तंतू कमी आहेत, त्याची उणीव भरून काढणे एवढेच उद्दिष्ट असावे.

गंगाखेड परिसरातील आहार : गंगाखेड हे परभणीच्या दक्षिणेस सु. ४० किमी. वर गोदावरीच्या उजव्या काठी वसलेले तालुक्याचे गाव आहे. काळ्या जमिनीच्या या भागात ज्वारी हे परंपरेने मुख्य अन्न होते. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, मेथी, करडई, अंबाडी, शेपू, तांदुळजा, घोळ व पाथरी यांच्या भाज्या, हरभऱ्याचा कोवळा पाला, जवसाची व कारळाची चटणी, ताकातल्या कण्या, घुगऱ्या, धपाटे आणि हिवाळ्यात हुरडा हा येथील नेहमीचा व हंगामी आहार होय. मराठवाड्याच्या दक्षिण भागात वेळ अमावास्येला हिरवे दाणे व अनेक भाज्या एकत्र शिजवून केली जाणारी भज्जी हे तर तंतुमय अन्नाचे उत्तम उदाहरण आहे.

गेल्या काही दशकांत खरीप ज्वारीच्या क्षेत्राचा बराच भाग सोयाबीन व कापूस यांनी घेतला. स्वस्त धान्य दुकानांतून प्रामुख्याने गहू व तांदूळ मिळू लागला. भाकरी थापण्यास वेळ व हात लागतो. पहाटे कामावर जाणाऱ्या आईला भात लावणे सोपे जाते. मुलाच्या हाती सकाळी चहा व बिस्किट, दुपारी पाच-दहा रुपयांचे तळलेले पुडके येते. बिस्किट, पाव, टोस्ट व शेवया हे बहुतांशी मैद्याचे पदार्थ आहेत. ऊसतोडणीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांचे जेवण, पाणी व शौचाची जागा ही तिन्ही वर्षातील काही महिने अनिश्चित असतात. परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४०° से. च्या वर जाते व पाण्याची टंचाईही असते. या सर्वांचा परिणाम मुलांच्या पोटावर होतो.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांवरून दर १०० ग्रॅ. खाद्य भागातील तंतूंचे प्रमाण स्थूलमानाने असे आहे : ज्वारी १० ग्रॅ., बाजरी ११·५, अख्खा गहू ११, सडलेला तांदूळ व मैदा प्रत्येकी २·८, अख्खे हरभरे २५, हरभरा डाळ १५, अख्खे मूग १७, मुगाची व तुरीची डाळ प्रत्येकी ९, शेंगदाणे १०, मेथी व गवार प्रत्येकी ५, भेंडी ४, पालक २·५, पेरू ८·५, सीताफळ ५, पपई ३ आणि पिकलेले केळे २ ग्रॅ. दूध, अंडी, मांस, तूप व साखर यांत तंतू नसतात. या आकड्यांवरून तीन गोष्टी स्पष्ट होतात : पहिली, धान्य सडल्याने वा दळून चाळल्याने तंतूंचा मोठा भाग जातो, दुसरी, साल काढलेल्या डाळीपेक्षा अख्खे कडधान्य श्रेष्ठ, तिसरी, पेरू हे स्वस्त फळ या बाबतीत महागड्या फळांपेक्षा सरस आहे.

पाच वर्षांच्या मुलाच्या एका दिवसाच्या आहाराची तुलना उद्‌बोधक आहे. दिवसभरात ६० ग्रॅ. तांदळाचा भात, २० ग्रॅ. तुरीच्या डाळीचे वरण, एक लहान बटाटा, ५० ग्रॅ. मैद्याची बिस्किटे व दूध इतके घेतल्यास तंतू जेमतेम ६ ग्रॅ. मिळतात. त्याऐवजी ६० ग्रॅ. ज्वारीच्या पिठाच्या दोन लहान भाकऱ्या (६ ग्रॅ.), २० ग्रॅ. मुगाची उसळ (३·४ ग्रॅ.), ५० ग्रॅ. मेथीची भाजी (२·५ ग्रॅ.) व अर्धा पेरू (सु. ४ ग्रॅ.) दिल्यास तंतू सु. १६ ग्रॅ. होतात. दुसऱ्या आहारास अधिक खर्च येतो असे नाही. त्यातील प्रत्येक वस्तू आठवडी बाजारात हंगामाप्रमाणे मिळते. पेरू नसेल तेव्हा बोरे, सीताफळ किंवा पपई, मेथी नसेल तेव्हा गवार किंवा भेंडी द्यावी. परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या व २०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठाने विकसित केलेला ‘परभणी क्रांती’ हा भेंडीचा वाण आणि ‘परभणी मोती’ हा रब्बी ज्वारीचा वाण प्रसिद्ध आहेत.

आहारात करावयाचे बदल : बदल एकदम न करता दोन ते तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने करावेत, अन्यथा वायू होऊन पोट दुखते. पहिल्या आठवड्यात एका वेळच्या भाताऐवजी भाकरी द्यावी. दुसऱ्या आठवड्यात बिस्किटांच्या जागी ज्वारीच्या लाह्या, घुगऱ्या, भाजलेले शेंगदाणे, दाण्याचा लाडू किंवा फळ द्यावे. तीन-चार वर्षांखालील मुलास मात्र अख्खे दाणे व फुटाणे देऊ नयेत, ते श्वासमार्गात अडकण्याचा धोका असतो. त्यांस कूट किंवा मऊ उसळ द्यावी. तिसऱ्या आठवड्यात रोज एक वाटी उसळ वा पालेभाजी ठरवून टाकावी. पोळीचे पीठ चाळून कोंडा काढू नये. भाकरी घशाखाली उतरत नसेल, तर ती वरणात, ताकात वा पातळ भाजीत कुस्करून द्यावी. पालेभाजी नाकारणाऱ्या मुलास ती धपाट्यात किंवा मुगाच्या धिरड्यात घालून देता येते. मुलासाठी वेगळे जेवण शिजविण्यापेक्षा सर्व घराचे जेवण बदलणे अधिक यशस्वी ठरते. वडील भात व मूल भाकरी खात असल्यास भाकरी ही शिक्षा ठरते.

पाणी : पाणी, दूध, ताक, वरण इ. सर्व मिळून १० किग्रॅ. पर्यंतच्या वजनास दर किग्रॅ.ला १०० मिलि., पुढील १० किग्रॅ.ला दर किग्रॅ. ५० मिलि. व त्यापुढे दर किग्रॅ. २० मिलि. असा द्रवाचा हिशोब करतात. १८ किग्रॅ. वजनाच्या मुलास त्यानुसार रोज १,४०० मिलि. द्रव लागतो. उन्हाळ्यात व खेळताना तो अधिक लागतो. शाळेत शौचास जावे लागू नये म्हणून पाणीच न पिणारी मुले आढळतात, याकडे लक्ष द्यावे. चहा मुलास देऊ नये.

दूध : एक वर्षापुढील मुलास दिवसाला ५०० मिलि.हून अधिक दूध देऊ नये. दोन-तीन वर्षांच्या मुलास बाटलीने दिवसभर दूध पाजल्यास त्याची भूक मरते, ते भाकरी-भाजी खात नाही व मल कठीण होतो. शिवाय रक्तातील लोह कमी होते. अशा मुलात बाटली सोडवून दुधाचे प्रमाण कमी करणे हाच पहिला आहारोपचार होय. काही मुलांत गायीच्या दुधातील प्रथिनांची असोशी (अधिहर्षता) हे बद्धकोष्ठाचे कारण असते. इटलीतील संशोधकांनी १९९८ मध्ये, सारकांनी बरे न झालेल्या ६५ मुलांवर केलेल्या प्रयोगात, गायीचे दूध बंद करून सोयाबीनचे दूध दिल्यावर ४४ मुलांत सुधारणा झाली. नेहमीच्या उपचारांस दाद न देणाऱ्या मुलात डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन ते चार आठवडे दूध बंद करून पाहता येते. सर्वच मुलांचे दूध सरसकट तोडणे मात्र चुकीचे आहे.

वयानुसार विचार : सहा महिन्यांपर्यंत केवळ आईचे दूध द्यावे, पाणी, गुटी वा मध देऊ नये. एक वर्षाखालील अर्भकास मध दिल्यास क्वचित गंभीर विषबाधा होते. दुधाची भुकटी वापरावी लागल्यास ती डब्यावरील प्रमाणातच मिसळावी; घट्ट दुधाने मल कठीण होतो. सहा महिन्यांनंतर ज्वारीची वा नाचणीची पेज, मऊ मुगाची खिचडी, कुस्करलेली भाजी, पपई व पिकलेले केळे द्यावे. केवळ भाताची पेज व बिस्किट यांवर अर्भकास ठेवू नये.

पारंपरिक उपाय : आयुर्वेदात मनुका, हिरडा व बाहव्याचा मगज यांचा मृदू विरेचनासाठी उपयोग सांगितला आहे. भिजविलेल्या मनुका व अंजीर हे अन्न म्हणून मुलास देण्यास हरकत नाही. एरंडेल मात्र तीव्र रेचक आहे. ते लहान आतड्यास उत्तेजित करून पोटात कळा आणते व पाणी घालविते. महिन्यातून एकदा एरंडेल पाजून ‘पोट साफ’ करण्याची प्रथा मुलाच्या मनातील शौचाची भीती वाढविते. सोनामुखीयुक्त चूर्णे, साबणाची कांडी व वारंवार बस्ती यांबद्दलही हेच म्हणता येते. इसबगोल पुरेशा पाण्याशिवाय घेतल्यास आतड्यात अडकू शकतो. लहान मुलास तो सल्ल्याशिवाय देऊ नये. दुधातून तूप दिल्याने मल सुटतो हा समज सार्वत्रिक आहे. तथापि खाल्लेले तूप बहुतांशी लहान आतड्यातच शोषले जाते. तंतू व पाणी यांची उणीव त्याने भरून निघत नाही.

शौचाची सवय : आहारबदलास सवयीची जोड नसल्यास तो निष्फळ ठरतो. मुलास रोज दोन-तीन वेळा जेवणानंतर पाच ते दहा मिनिटे शौचास बसवावे. उकिडवे बसण्याची आपली पद्धत या दृष्टीने उत्तम आहे; खुर्चीसारखे भांडे असल्यास पायांखाली पाट ठेवून गुडघे कंबरेपेक्षा वर येतील असे बसवावे. लोंबकळत्या पायांनी जोर लावता येत नाही. दोन वर्षांपूर्वी शौचाची शिस्त लावण्याची घाई करू नये. मूल बसले याबद्दल त्याचे कौतुक करावे. शौचास झाले नाही म्हणून रागावू नये. कोणत्या दिवशी शौचास झाले, मल कसा होता, चड्डी खराब झाली का, याची नोंद वहीत ठेवल्यास औषधाची मात्रा ठरविणे सोपे जाते. शाळेतील शौचगृह अस्वच्छ, पाण्याविना किंवा बिनकडीचे असल्यास मुले, विशेषतः मुली, दिवसभर शौच रोखतात. वर्गशिक्षकाने मागेल तेव्हा जाऊ देणे आणि शौचगृहात पाणी असणे, हे बद्धकोष्ठ टाळण्यासाठी सकस आहाराइतकेच आवश्यक आहे.

फलानुमान : उपचार लवकर सुरू झाल्यास मुले बरी होण्याचे प्रमाण अधिक असते. तज्ञांकडे पाठवाव्या लागलेल्या मुलांपैकीही सु. निम्मी मुले ६ ते १२ महिन्यांत बरी होऊन औषधमुक्त होतात. उरलेल्यांना अधिक काळ औषध लागते व मधूनमधून लक्षणे परततात. ताणलेले गुदांत्र पूर्ववत् होण्यास महिने लागतात. त्या काळात मल सतत मऊ राहणे व मुलास एकदाही वेदना न होणे, हेच उपचाराचे सूत्र होय. औषधाने हा काळ पार पडतो. औषध थांबल्यानंतर मल मऊ ठेवण्याचे काम मात्र घरातील रोजची भाकरी, उसळ, भाजी व पाणी यांनाच करावे लागते.